केराबाईचा डावा गाल

केराबाईच्या डाव्या गालात आतून पांढरा चट्टा उठला आणि शेंगाचटणीचा घास घेतला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नवरा मायाप्पा मेंढरं घेऊन लांब चारणीला गेलेला. दिवेलागणीला फोन डाव्या गालाला दाबून त्याच्याशी बोलायचं, एवढंच काय ते तिचं सुख. पोरगा शहाजीनं कुठला तरी व्हिडिओ बघितला, तोही फोनवरच, आणि निकाल दिला, "आये, ह्ये फोनमुळंच हाय. लई बोलतीस तू. क्यान्सर हुतो फोननं."

झालं. फोन कोनाड्यात गेला. मायाप्पाचा फोन वाजायचा, केराबाई लांबून बघत बसायची आणि मन लागेना म्हणून मिश्रीचं बोट दातांवरून, गालातून फिरवायची. जीव घाबरला की मिश्री जास्तच लागायची. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय! चट्टा हटेना, उलट मधोमध लाल झाला. जीभ सारखी तिथंच जायची. मरायच्या आधी मालकाशी धड बोलणंसुद्धा व्हायचं नाही, या विचारानं तिला रडू यायचं.

शेवटी घास गिळवेना, तेव्हा शहाजीनं तिला मंगळवेढ्याहून सोलापूरच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरबाईंनी बॅटरी मारून तोंड बघितलं.

"मिश्री लावता?"

"लावती की. समद्याच लावत्यात. पर ह्ये फोननं झालंय न्हवं?"

"मावशी, फोननं कॅन्सर होतो असं आजवरच्या अभ्यासात सिद्ध झालेलं नाही. मिश्री म्हणजे तंबाखूच. तिनं होतो, यात शंका नाही. इतके दिवस का थांबलात?"

केराबाईला शहाजीचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला गेला. मधले दिवस तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक.

रिपोर्ट घ्यायला दोघं पुन्हा आले. डॉक्टरबाई कागद वाचत होत्या आणि केराबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"कॅन्सर नाही," बाई म्हणाल्या. "पण वाट तीच आहे. मिश्री आजपासून बंद, आणि मी बोलावीन तेव्हा दाखवायला यायचं."

केराबाईनं पदरानं तोंड पुसलं. शहाजी हसला. ओठ मात्र जेमतेमच विलगले. डॉक्टरबाईंनी कागद बाजूला ठेवला.

"तुम्ही तंबाखू-सुपारीचा मावा खाता?"

"कवातरी."

"तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घाला बघू."

शहाजीनं आधी टाळलं, मग घातली. दोन कशीबशी शिरली. तिसरं बोट ओठालाच अडलं. "माव्यानं तोंड असं आखडत जातं. हीसुद्धा तीच वाट," म्हणत डॉक्टरबाई बॅटरी घेऊन उठल्या.

"नीट उघड की रं," केराबाई म्हणाली.

"एवढंच उघडतंय, आये."