घरामागं एक माणूस

शाळेची व्हॅन कोपऱ्यावर हॉर्न देत होती. लेकीची एक वेणी घालून झाली होती, दुसरी माझ्या हातात होती. कुकर फुसफुसत होता पण शिट्टी काही देत नव्हता, आणि आमचे हे पायात एकच मोजा घालून दुसरा घरभर शोधत होते. शहरालगतच्या कुडव्यातल्या आमच्या घराची रोजची सकाळ अशीच असते. तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना दारावर थाप मारणारा माणूस गावाकडचाच असणार, हे मी न बघता ओळखलं.

दारात पुनारामकाका. कानाला मफलर, हातात लाखोरीच्या कोवळ्या भाजीची थैली.

"काका! इतक्या सकाळी? कशानं आले?"

"एसटीनं. तू तुहं काम कर, बाई. पोरीची वेनी अर्धी राहिली."

वेणी झाली, व्हॅन गेली. मोजा सोफ्याखाली सापडला आणि हेही गेले. तोवर काका भिंतीला टेकून खाली बसून राहिले. खुर्ची दिली तर म्हणाले, "खुर्चीत मानूस लवकर उठते. मले वेळ लागन."

पुनारामकाका माझे सख्खे काका नव्हेत. माहेरी आमच्या आणि त्यांच्या अंगणात एक कुडाची भिंत होती, तेवढंच नातं. तिरोडा तालुक्यात, चोरखमाऱ्याच्या अलीकडे आमचं गाव. गावाचा स्वतःचा तलाव आहे, आमच्या पोवार पूर्वजांनी बांधलेला. चोरखमाऱ्याच्या जलाशयापुढे तो म्हणजे परातीपुढे वाटी, पण आमचं धान त्याच वाटीवर जगतं. दर उन्हाळ्यात त्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माती टाकावी लागते. ती कुणी टाकायची याचा नियम कागदावर कुठेही नाही. तो काकांच्या तोंडात आहे. भल्या पहाटे ते गल्लीतून हाक देत जायचे, "घरामागं एक मानूस! पाळीवर चला!" घरात पाच गडी असोत की एक, घरामागे एक जण घमेलं घेऊन निघाला की त्या घराचं काम झालं. कोण गेला, हे कुणी विचारत नसे. बहुधा ज्याच्यावाचून घरी अडत नाही तोच जायचा.

काकांना या कामाचं पद नाही, पगार नाही. त्यांचे वडील हाक द्यायचे म्हणून हे देतात. आणि कुणी आलं नाही तर भांडायचे नाहीत, त्याच्या ओसरीवर जाऊन बसायचे. एकदा चुन्नीलाल भाताच्या तणसीच्या ढिगात लपला. काका त्याच ढिगावर जाऊन बसले आणि खिशातून माचीस काढली. "काका, बिडी पेटवू नको गा!" म्हणत चुन्नीलाल घमेल्यासकट बाहेर. आमच्या लहानपणी ही गोष्ट सांगितली की आम्ही पोट धरून हसायचो. कुंदाकाकू मात्र कपाळावर हात मारायच्या. "गावाले उठवते हा मानूस. घरी पान्याची गुंडी भर म्हनलं तर बहिरा होते."

काकांच्या भाऊबंदात पुरुष फार जगत नाहीत, हे गावाला माहीत होतं. काकांचे वडील ऐन चाळिशीत गेले. धाकटे भाऊ दुलीचंद पुतणीच्या लग्नात वरण वाढता वाढता पंगतीतच कोसळले. वरणाची बादली सांडली नाही, हळूच खाली ठेवली आणि मग पडले, असं अजून सांगतात. कुणी नजर म्हणायचं, कुणी तंबाखू. काका स्वतः कसे राहिले, हे एक कोडंच होतं.

दोन वर्षांपूर्वी नागपूरहून एका संस्थेची मंडळी आली. नुसत्या रक्तावरून हृदयरोगाचा किंवा कॅन्सरचा धोका आधीच ओळखता यावा, अशी तपासणी ते तयार करत होते. आईबापाकडून लेकरांत उतरणारा दोष रक्तात कुठे लिहिलेला असतो, तो वाचायचा. त्यासाठी एकाच घराण्यातली अनेक माणसं हवी होती. तिरोड्याच्या एका डॉक्टरांनी त्यांना आमच्या गावचं नाव सांगितलं. त्यांनी काकांना म्हटलं, तुमच्या भाऊबंदातली माणसं समाजमंदिरात जमवून द्या.

काकांनी काय केलं असेल? पहाटे उठले आणि हाक दिली, "घरामागं एक मानूस! समाजमंदिरात चला, रगत द्याचं आहे!"

आणि घरामागे एक आला. काकांच्या घरातून धाकटा शुभम गेला, कारण थोरला उमेंद्र ड्युटीवर होता. तिरोड्याच्या वीज प्रकल्पात तो ठेकेदाराकडे कामाला आहे. रक्त घेणाऱ्या मुलीनं विचारलं, बाकीचे लोक कुठे? काका ऐटीत म्हणाले, "मॅडम, एकबी घर सुटलं नाही." ती हसली, म्हणाली, पुढच्या वेळी उरलेले आणा. बर्फाच्या पेटीत नळ्या ठेवल्या आणि गाडी गेली. पुढची वेळ आलीच नाही. नमुने घेण्याचा तो टप्पा संपला.

काही महिन्यांनी फोन आला, तो शुभमसाठी. नागपुरात त्याचं हृदय तपासलं, तर एका बाजूची भिंत जाड झालेली. गोळ्या सुरू झाल्या, ओझं उचलायचं नाही, धावायचं नाही, दर काही महिन्यांनी दाखवायचं. शुभम तिरोड्यात मोबाइल दुरुस्त करतो, त्याचं निभून गेलं. आता तो बरा आहे. पण ज्या घरांना फोन आला नाही, त्यांनी मारुतीला नारळ फोडले. आपलं घर सुटलं म्हणून. घरातल्या दुसऱ्या पोरांचं रक्त कुणी पाहिलंच नव्हतं, हे कुणाच्या मनात आलं नाही. आणि उमेंद्र तर सरळ म्हणाला, "आमच्या घरचा एक गेला यादीत. मी सुटलो."

काकांनाही ते पटलं होतं.

"मग आता काय झालं?" मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवत विचारलं.

"गेल्या आठवड्यात उमेंद्र तांदूळ न्याले आलता. पोतं उचललन, आंगनाच्या मधात ठेवलन, आनि त्याच्यावरच बसला. ओठ असे राखेवानी. मी म्हनलो, काऊन रे? तं म्हनते, रात्री झोप झाली नाही."

"मग?"

"मंग मी म्हनलो, रगत दे. भडकला. म्हनते, एकाले तर औषधाले लावलं, आता मलेबी बिमार करता का? ठेकेदाराले समजलं तं गेटच्या बाहेर उभा करन. त्याची बायको डिंपल मधात बोलली तं तिले म्हनते, तू माह्या बापाची चमची. पोतं तसंच टाकून गेला."

त्या दिवसापासून उमेंद्र बापाचा फोन उचलत नाही. काकांनी आपला जुना उपायही करून पाहिला. तिरोड्याला त्याच्या भाड्याच्या खोलीसमोर पायरीवर जाऊन बसले. डिंपलनं पाणी दिलं, चहा दिला. उमेंद्र मागच्या दारानं ड्युटीला निघून गेला.

"गावात असं कोनी केलं नाही मले," काका म्हणाले. चहावर साय धरली होती. त्यांनी कपाला हात लावला नव्हता.

त्यांच्या खिशात संस्थेनं शुभमला दिलेल्या कार्डाची झेरॉक्स होती. तिच्यावरच्या नंबरवर मी फोन लावला. एक बाई हिंदीत बोलल्या, मी मराठीत बोलले तशा त्याही मराठीत आल्या. शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, टप्पा संपला असला तरी घरात दोष सापडलाय, तेव्हा सख्ख्या भावाचं रक्त आम्ही घेऊ. हृदयाची तपासणी मात्र लगेच करा. ती आज चांगली आली तरी तेवढ्यावर थांबू नका, दोष असेल तर तो पुढेही डोकं वर काढतो. रक्तावरून किमान हे कळेल की याच्यावर नजर ठेवायची की नाही.

"त्याचे वडील रक्त द्यायला तयार आहेत. त्यांचं घेऊन समजेल का?"

काकांनी तोवर सदऱ्याची बाही कोपरापर्यंत सारली होती. हात पुढे धरला होता, जणू फोनमधूनच सुई येणार आहे.

"नाही हो," बाई म्हणाल्या. "वडिलांकडून एका मुलात गेलं असेल, दुसऱ्यात नसेल, किंवा दोघांतही असेल. त्याचं त्याच्याच रक्तात दिसणार. आणि सही त्याची स्वतःची लागते. मोठ्या माणसाला जबरदस्ती नाही करता येत."

म्हणजे सगळं तयार होतं. दवाखाना, तपासणी, बोलावणारी माणसं. फक्त उमेंद्र नव्हता.

फोन ठेवला. माझं बी.एस्सी. आनुवंशिकतेच्या धड्यातल्या वाटाण्याच्या शेंगांपर्यंतच आलं होतं, पण एवढं समजण्यापुरतं पुरलं. काकांना कसं सांगावं याचा विचार करत मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"काका, तलावाच्या पाण्याला नंबर असतो ना, एकाचं शेत झालं की दुसऱ्याचं? याला नंबर नसतो. शुभमला आलं म्हणून उमेंद्रचं टळलं, असं होत नाही. दर लेकराच्या वेळी पुन्हा नव्यानं."

"दोघालेबी जाऊ शकते?"

"हो."

"आनि दोघालेबी नाही, असंबी होऊ शकत होतं?"

"तसंही झालं असतं."

काकांनी बाही हळूहळू खाली ओढली. बटण लावायला त्यांना बराच वेळ लागला. मी मदतीला हात पुढे केला, तर मान हलवली.

"एक मानूस, असं मीच बोललो ना घरोघरी. माह्या तोंडानं. त्या घराईतबी पोट्टे आहेत. भाऊबंदातल्या धुरपताचेच तीन आहेत."

"तुम्हाला माहीत नव्हतं, काका. त्या लोकांनीही नीट सांगायला हवं होतं."

"न समजून पाळ फुटली तरी पानी जातेच, बाई."

धुरपताबाईंच्या घरी मी फोन करीन, म्हटलं. बाकीच्या घरांनाही करीन. त्यांनी मान डोलावली, पण त्यांचं मन तिथे नव्हतं. मी सुचवत गेले. शुभमला पाठवू का? "तो गेलता, भांडून आला." कुंदाकाकू? "ती रडते, तं तो अजून चिडते." आमचे हे? "जावयाले कायले वाईट करतेस." एकेक दार ते स्वतः ठोठावून आले होते. उरलं ते फक्त त्या पोराचं हो म्हणणं, आणि ते कुणाच्याच हातात नव्हतं. मी वहिनीसारखी रागावू का, बहिणीसारखी समजावू का, असंही विचारलं. काका म्हणाले, "समजावलं तं तो तुहाबी फोन उचलनार नाही, मंग तेवढंबी जाईन."

गल्लीत भाजीवाला "गोबी, टमाटर" ओरडत गेला. काका दाराकडे बघत होते. मग खाकरले.

"बाई, एक काम करतेस?"

"सांगा ना."

"आता तो रातपाळीहून घरी आला असन. तुह्या फोनवरून त्याले लाव. तू त्याची पुष्पाताई, तुहा म्हनून उचलन. पोरीच्या शाळेचं बोल, काहीबी बोल. रगताचं काढू नको, मी इथं हाव तेबी सांगू नको. मी तोंड उघडत नाही. फक्त तो स्पीकर लाव. बोलताना त्याले धाप लागून राहिली का, तेवढं मले आयकू दे."