मांडी घालून बसलेली मास्तरीण

मुलुंडमध्ये बाई गाडी शिकवते म्हटल्यावर लोक दुकानाच्या पायरीवर येऊन बघायचे, त्या काळातली माधुरी ढवळे. एखादा रिक्षावाला मुद्दाम रिक्षा आडवी घालायचा. माधुरी काच खाली करून त्याला असं काही सुनवायची की शेजारची शिकाऊ मुलगी गिअर विसरून हसत सुटायची. तिच्या हाताखालून गेलेल्या बायका आज बिनघोर गाड्या चालवतात.

मग सासूबाईंना अर्धांगवायू झाला. घरात बघणारं दुसरं कोण? माधुरीनं स्कूलच्या गाडीची किल्ली टेबलावर ठेवली ती ठेवलीच. भरवणं, आंघोळ, हाताला धरून गॅलरीपर्यंत चालवणं, यात वर्षं गेली. सासूबाई परभणीकडच्या, कडक. कधी चिडायच्या, "सोड की गं हात. पडले तर पडले!" माधुरीनं हात कधी सोडला नाही. त्या गेल्या तोवर मुलगी निधी नोकरीला लागली होती आणि माधुरीचे केस कानाशी पिकले होते.

सासूबाईंच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला आणि पुढच्याच आठवड्यात ती ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात हजर. मालक चंद्रप्रकाश एकेकाळी तिच्याबरोबरच शिकवायचा.

"तू? आता?" तो म्हणाला. "ट्रॅफिक बघितलंस का बाहेरचं? वाट लागलीय नुसती."

"डावी बाजू डावीकडेच आहे ना अजून?"

तो हसला. "बरं बाई. महिनाभर बघू."

आता, शिकवायच्या गाडीत एक गंमत असते. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक आणि एक क्लच असतो. शिकणाऱ्याचं चुकलं तर आपला पाय वेळेवर पडावा म्हणून. खरा उस्ताद तो, ज्याचा पाय त्या ब्रेकवर असूनही पडत नाही. पूर्वी माधुरीचा पडत नसे. आता मात्र समोर कुत्रं दिसलं की पाय दाबला, वळण आलं की पाय दाबला. बायकांना वाटायचं, आपणच गाडी थांबवली. वा, झकास जमतंय! माधुरीलाही तसंच वाटायचं, कारण आपला पाय हलतोय हे तिच्या गावीही नव्हतं.

आरटीओच्या परीक्षेत तिच्या जागी इन्स्पेक्टर बसले आणि सगळं उघडं पडलं. तिच्या दोघी जणी नापास झाल्या. तिसऱ्या वनमाला तावडे. मूळ कणकवलीच्या, पंचावन्नच्या पुढच्या. नवऱ्याची नजर अधू झालेली, गाडी सोसायटीत ताडपत्रीखाली पडून. चढावर थांबून पुन्हा निघायचं होतं, तर गाडी सरळ मागे घरंगळली.

"मॅडम, आज गाडीन माझा ऐकल्यानच नाय," वनमालाताई रडवेल्या होऊन म्हणाल्या. "रोज कशी आपसूक थांबता!"

आपसूक! माधुरीनं खाली आपल्या पायाकडे बघितलं. इतकी वर्षं धरलेला हात पायात उतरला होता.

चंद्रप्रकाशनं आडपडदा ठेवला नाही. "हे बघ, तू उद्यापासून ऑफिसात बस. फोन घे, बॅचेस लाव. गाडी जमत नाही आता तुला."

खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या बॅचेस लावायच्या, यापेक्षा घरी बसलेलं काय वाईट? माधुरीला ते फार लागलं. पण रडारड तिच्या स्वभावात नाही. "वनमालाताईंची परीक्षा परत होऊ दे. त्या पास नाही झाल्या तर तुझा फोन मी आयुष्यभर उचलीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं वनमालाताईंना कॉलनीतून डोंगराकडे चढणाऱ्या रिकाम्या रस्त्यावर आणलं. चढाच्या मध्यावर गाडी थांबवायला लावली. मग पायातल्या चपला काढल्या, सीट मागे सरकवली आणि पंगतीला बसावं तशी गाडीत चक्क मांडी घातली.

वनमालाताईंनी डोळे विस्फारले. "मॅडम, पाय खंय तुमचे?"

"वर घेतलेत. इतके दिवस ब्रेक मीच मारत होते ताई. चूक माझी. आता गाडी तुमची एकटीची."

"माका जमाचा नाय गो!"

"मागे कोणी नाही. हँडब्रेक हाताशी आहे. घसरली तर घसरली."

घसरली. पहिल्यांदा चांगली हातभर मागे आली. माधुरीचा पाय खाली यायला बघत होता. तिनं दोन्ही हातांनी आपलीच मांडी दाबून धरली. वनमालाताईंनी देवाचं नाव घेत स्वतःच हँडब्रेक ओढला. गाडी बंद पडली, पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद. ऊन तापेपर्यंत दोघी त्या चढावर होत्या. एक जण क्लचशी झगडत होती, दुसरी स्वतःशी, आणि यातलं जास्त अवघड कुठलं हे विचारूच नका. आपली सवय पकडून तिच्यावर असं बसून राहायला छाती लागते.

परीक्षेच्या दिवशी माधुरी आरटीओच्या मैदानाच्या जाळीबाहेर उभी होती. शेजारी चंद्रप्रकाश. गाडी चढावर आली, थांबली. माधुरीचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. तिच्या ते लक्षात आलं आणि तिनं पाय उचलला. मुलुंडची मास्तरीण भर गर्दीत जाळीला धरून एका पायावर उभी!

"पायाला काय झालं गं?" चंद्रप्रकाशनं विचारलं.

"काही नाही. सोडतेय."

गाडी जरा थरथरली. मागे तसूभरही आली नाही. वनमालाताई चढ चढून पलीकडे उतरल्या, नाकासमोर बघत, माधुरीकडे ढुंकूनही न बघता.

चंद्रप्रकाशनं तिच्या वर उचललेल्या पायाकडे बघितलं. त्यानंही बरीच वर्षं शिकवलेलं होतं. खिशातून स्कूलच्या दुसऱ्या गाडीची किल्ली काढून त्यानं तिच्या हातावर ठेवली.

"आता ठेव की पाय खाली," तो म्हणाला.

"थांब, गाडीतून उतरू देत त्यांना," माधुरी म्हणाली आणि तशीच उभी राहिली.