पाच नंबरची पसंती

मावशीचं वय एकोणतीस. लग्न झालेलं नाही, आणि सख्ख्या बहिणीला मूलही नाही, कारण मुळात सख्खी बहीणच नाही. तरी सबंध वस्ती तिला मावशी म्हणते, आणि हे पाप कुत्र्यांच्या मालकांचं आहे. जनावरांच्या दवाखान्यात टेबलावर कुत्रं चढवलं की मालक लाडात येऊन त्याच्या कानात सांगतो, "घाबरायचं नाही हं, मावशी आहे ना! मावशी अगदी हळू टोचते." अकरा वर्षांत अशी शेकडो भाचरं तिच्या नावावर जमा झाली. त्यांतली निम्मी तिला चावली. मग मालकही मावशी म्हणायला लागले, औषधं पोचवणारा म्हणायला लागला, आणि शेवटी पंचाहत्तरीचे डॉक्टरसुद्धा म्हणायला लागले, तेव्हा तिने तक्रार करायचं सोडून दिलं.

कामात मात्र तिचा हात कोणी धरू शकत नसे. ज्या बोक्याला डॉक्टर लांबूनच नमस्कार करत, त्याला ती टॉवेलात असा गुंडाळी की फक्त नाक बाहेर राही. शीर सापडेना की डॉक्टर सुई तिच्या हातात देत आणि स्वतः खिडकीतून रस्ता बघत उभे राहत, जणू सुट्टीवर आले आहेत. असेच एकदा रस्ता बघता बघता म्हणाले,

"मावशी, तू डॉक्टर का होत नाहीस गं?"

"सर, माझं वय बघा."

"पेशंटला विचारू या का? पेशंट वय विचारत नाहीत. हुंगतात आणि ठरवतात."

या एका वाक्यावर तीन वर्षं गेली. मावशी टाक्यांचे चिमटे उकळायला ठेवून शेजारी पुस्तक उघडायची, त्यामुळे चिमट्यांचं पाणी दोनदा आटलं. प्रवेश परीक्षेत पहिल्या वर्षी आपटी, दुसऱ्या वर्षी थोडक्यात आपटी. तिसऱ्या वर्षी मार्क बघून तिने बैठक क्रमांक चारदा पडताळला, कारण एवढे मार्क दुसऱ्या कोणाचे तरी असणार अशी तिची खात्री होती. तिचेच होते. शिवणकाम करणाऱ्या आईने त्याच संध्याकाळी पांढऱ्या कापडाचा कोट बेतायला घेतला. कॉलेज कोणतं हे ठरायच्या आधी बाह्यांची लांबी ठरली.

खरं तर कॉलेजही मावशीच्या मनात ठरलेलंच होतं. घरापासून दहा मिनिटांवर, याच शहरात. तिथे सगळा भर कुत्र्यामांजरांवर, दुपारी वर्ग सुटणार, संध्याकाळी दवाखान्यात यायला मोकळी. एवढं एकच कॉलेज तिला हवं होतं. पण फॉर्म मोठा हट्टी होता. पाच कॉलेजं निवडल्याशिवाय तो पुढेच सरकेना. म्हणून तिने आणखी चार घातली आणि सर्वांत शेवटी, नुसती जागा भरायला, समुद्राकडचं एक घातलं. रेल्वेने अठरा तास. तिथे गाई, म्हशी, घोडे, डुकरं, सगळा मोठा कारभार. त्यांच्या माहितीपत्रकावर एक विद्यार्थिनी खांद्यापर्यंतचा हात गाईच्या आत घालून उभी होती आणि वर हसत होती. मावशीला हाताचं काही वाटलं नाही. त्या हसण्याची मात्र भीती वाटली.

कारण मावशीला मोठ्या जनावरांची भीती होती. पिसाळल्यासारख्या कुत्र्याच्या तोंडात हात घालून हाडूक काढणारी ही बाई रस्त्यात गाय दिसली की पलीकडच्या फुटपाथवर जायची. हे गुपित डॉक्टरांखेरीज कोणाला माहीत नव्हतं.

आता दवाखान्यातल्या बिल्ल्यांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या बिल्ल्यांनी केलं. तिथे आलेल्या प्रत्येक पेशंटच्या पिंजऱ्यावर पत्र्याचा एक बिल्ला अडकवत. एक ते पाच. एक म्हणजे नखं कापायची आहेत, बसू दे. तीन म्हणजे उलट्या, लक्ष ठेवा. आणि पाच म्हणजे हातातलं टाकून धावा. ही पद्धत डॉक्टरांनीच काढलेली. त्यांचं म्हणणं, दुखणं जेवढं मोठं तेवढा आकडा मोठा, यात समजावून काय सांगायचं? अकरा वर्षं मावशीने दिवसातून चाळीसदा हे आकडे लावले आणि काढले. पाच दिसला की तिचे पाय आपोआप पळत.

फॉर्मवर कॉलेजांच्या नावांपुढे रकाना होता, "पसंती: १ ते ५". फॉर्म भरला दवाखान्यात, एका पामेरियनची सलाईन चालू असताना. मावशीने शहरातल्या कॉलेजपुढे ठळक पाच टाकला. समुद्राकडच्यापुढे एक. मग स्क्रीन डॉक्टरांकडे वळवली. डॉक्टरांनी चष्मा वर केला, खाली केला, प्रत्येक आकड्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "एकदम बरोबर. पाठव."

मंगळवारी सकाळी अकरा वाजता निकाल लागला. मावशीने फोन उघडला आणि समुद्राकडच्या कॉलेजचं नाव वाचलं. परत वाचलं. फोन बंद करून चालू केला. नाव तेच. तिने फोन नुसताच डॉक्टरांपुढे धरला.

"कॉम्प्युटर बिघडलाय," डॉक्टर म्हणाले. "चल, आत्ता जाऊन बघतो एकेकाला."

शहरातल्या कॉलेजच्या प्रवेश खिडकीवर एक क्लार्क होता. सावकाश बोलणारा, सावकाश टाईप करणारा. त्याने मावशीचा फॉर्म काढला आणि त्याचा चेहराच उजळला.

"अहो मॅडम, तुम्ही? अभिनंदन! राखीव-बिखीव काही नाही, सबंध यादीत पहिल्या तुम्ही!"

"मी?"

"पहिल्या! तुमच्यापुढे कोणी नाही. तुम्ही जे मागाल ते द्यायचं होतं, आणि दिलंच बघा. पहिली पसंती." त्याने स्क्रीन फिरवून समुद्राकडच्या कॉलेजपुढचा एक दाखवला.

"पण मी इथल्या कॉलेजला पाच दिलेत!"

"हो ना. म्हणून तर इथलं दिलं नाही."

"अहो, पाच म्हणजे सगळ्यात तातडीचं!" डॉक्टर खिडकीच्या आत डोकं घालून म्हणाले.

"कुठे?"

"आमच्याकडे!"

क्लार्कने आधी डॉक्टरांकडे बघितलं, मग मावशीकडे, मग दोघांच्या मागे आणखी कोणी शहाणं माणूस आलंय का ते बघितलं. "सूचना क्रमांक चौदा," तो हळूच म्हणाला. "एक म्हणजे पहिली पसंती. शाळेत पहिला नंबर म्हणतो आपण, तसं. फॉर्म पाठवण्याआधी दुसऱ्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्या, असंही लिहिलंय. कोणी तपासला होता?"

डॉक्टरांनी डोकं सावकाश बाहेर काढलं.

"मी," ते म्हणाले.

तीन वर्षं घासून मावशी पहिली आली, आणि पहिली आली म्हणूनच नको ते कॉलेज तिच्या गळ्यात पडलं. चार मार्क कमी असते तर कदाचित समुद्राकडच्या जागा भरल्या असत्या आणि ती घरंगळत दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजात गेली असती. क्लार्कने नियमही सांगितला. ज्यांना पहिली पसंती मिळाली त्यांना पुढच्या फेरीत बसता येत नाही. हवं ते मिळालेला माणूस परत कशाला येईल, असा त्यामागचा विचार. गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत प्रवेश पक्का करायचा, नाहीतर रद्द. रद्द केला तर पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा, पुन्हा पहिल्यापासून.

"काहीच नाही का करता येणार?" मावशीने विचारलं.

"करता येईल की," क्लार्क मनापासून म्हणाला. "समुद्राकडे जाता येईल. हवा छान आहे म्हणतात."

घरी आईने ऐकलं आणि शिलाई मशीनच्या पायडलवरचा पाय तसाच राहिला.

"अठरा तास? बसून का झोपून?"

"आई, तो प्रश्न आहे का आत्ता?"

"मग कुठला आहे? शेजारच्यांना मी सांगून बसले, पोरगी दहा मिनिटांवर शिकणार म्हणून. डबा गरम पोचेल म्हणून!" मग आवाज खाली आला. "आणि तू त्या गाईंमध्ये कशी गं राहशील?"

"तुला कसं माहीत?"

"एकोणतीस वर्षं तुझ्याबरोबर रस्ता ओलांडतेय मी."

बुधवारी मावशी दवाखान्यात पोचली तर तिथे भलताच गोंधळ. डॉक्टरांना रात्रभर झोप आली नव्हती आणि पश्चात्तापाच्या भरात त्यांनी पहाटे येऊन सगळ्या बिल्ल्यांचा अर्थ उलटा केला होता. आता एक म्हणजे तातडीचं. स्वतःच केलेला बदल स्वतःच अर्ध्या तासात विसरले, आणि कानाला खाज सुटलेला लॅब्रॅडोर आत टेबलावर, तर घशात हाड अडकलेलं मांजर बाहेर बाकावर. मावशीने पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. मांजर उचललं, जबडा उघडला, चिमट्याने हाड काढलं, मांजराच्या मालकिणीला पाणी दिलं. मग सगळे बिल्ले पूर्वीसारखे केले.

"रद्द कर," डॉक्टर मागून म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "चूक माझी आहे. एक वर्ष थांब. पुढच्या वर्षी मी शंभर वेळा तपासेन."

"सर, पुढच्या वर्षी मी पहिली येईन कशावरून?"

"येशील."

"आणि तुम्ही?"

पंचाहत्तरीचा माणूस 'पुढच्या वर्षी' म्हणतो तेव्हा त्यालाही जरा दचकायलाच होतं. डॉक्टर खिडकीशी जाऊन रस्ता बघत उभे राहिले.

गुरुवारी दुपारी तीन वाजता मावशीने ठरवलं, रद्द करायचं. फोन हातात घेतला. पण बोट काही पुढे जाईना. कशाला घाबरून रद्द करतोय ते निदान एकदा जवळून बघावं, असं तिला वाटलं, आणि ती वस्तीच्या टोकाला गवळ्याच्या गोठ्यावर गेली. गवळी साठीचा. त्याच्या कुत्र्याचा मोडका पाय मावशीनेच बांधला होता, त्यामुळे तो भक्त.

"मावशी! या, या. कुत्रं मजेत आहे."

"मला गाय बघायचीय."

"विकत?"

"नाही हो. नुसती. जवळून."

गवळ्याने यापेक्षा विचित्र गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं, पण त्याने तिला एका तांबड्या गाईजवळ नेलं. गाय भिंतीसारखी होती. भिंत निदान हलत नाही. ही हलली, आणि मावशीला काही कळायच्या आत तिने अंग टाकून तिला मागच्या खऱ्या भिंतीला दाबून धरलं. मावशी किंचाळली.

"ओरडू नका, ती दचकते!"

"मी पण दचकलेय!"

"मग दोघी सारख्याच. मारायची नाही ती. आळशी आहे, टेकलीय नुसती. रेटा तिला."

मावशीने डोळे मिटून दोन्ही हातांनी रेटलं. काहीच झालं नाही. मग पाठ भिंतीला लावून, दातओठ खाऊन, खांद्याने रेटलं, तशी गाय एक सुस्कारा टाकून बाजूला झाली, जणू एवढंच म्हणायचं होतं तर आधी सांगायचं. मावशीला घाम फुटला होता. ती जिवंत होती, याचंच तिला नवल वाटलं.

तोल सावरायला तिने खाली हात टेकला तो गाईच्या कासेला लागला. हात तिथेच थांबला. तिने तो उलटा करून परत लावला, कुत्र्याच्या पोटाला लावायची तसा. मग कासेच्या दुसऱ्या बाजूला लावला.

"ही बाजू एवढी गरम का?"

"कुठे?" गवळी वाकला. "अरेच्चा! सकाळी दूध काढताना लाथ झाडली होती खरी. मला वाटलं, नखरे. काय झालंय हो हिला?"

दवाखान्यात असा प्रश्न आला की मावशी उत्तर द्यायची, नाहीतर मागे डॉक्टर असायचे. इथे मागे नुसती भिंत होती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

हे वाक्य ऐकून गवळ्याहून तीच जास्त हादरली. हाताला कळलं होतं, काहीतरी बिघडलंय. डोक्यात मात्र पुढचं एक अक्षर नव्हतं. गाय मान वळवून तिच्याकडे बघत होती. मावशीला भीती अजून वाटत होती, पण त्या भीतीच्या वर आता संताप चढला होता. एवढ्या मोठ्या जनावराला दुखतंय आणि मला माहीत नाही म्हणजे काय!

पाचला वीस मिनिटं कमी होती. शेणाचा वास येणाऱ्या अंगठ्याने तिने फोन उघडला. स्क्रीनने विचारलं, खात्री आहे का? तिला अजिबात नव्हती. तिने "हो" दाबलं. लगेच उत्तर आलं, प्रवेश पक्का, एक तारखेला सकाळी साडेपाचला गोठ्यात हजर राहावे, गमबूट स्वतःचे आणावेत. मावशी उपड्या बादलीवर मटकन बसली. अठरा तास. साडेपाच. पाच वर्षं. हे आपणच केलं?

"अहो मावशी," गवळी काळजीने म्हणाला, "तुमचं झालं असेल तर गाईचं काय करू या?"

तिने डॉक्टरांना फोन लावला. दुसऱ्याच रिंगला त्यांनी उचलला. आधी गाईचं सांगावं की आपलं, हे तिला ठरवता येईना.

"सर," ती शेवटी म्हणाली, "आधी खुर्चीत बसा."