तीन टिपके

मानसिंगचे गुडघे आता त्याचं ऐकत नव्हते. गाडीखाली शिरायचं म्हणजे आधी एक हात जमिनीला, मग दुसरा, मग "आई गं", आणि मग पुठ्ठ्यावर आडवं. साताऱ्याकडचा हा माणूस तळवलीत गॅरेज टाकून अठ्ठावीस वर्षं राबला, पण हल्ली सकाळी शटर वर करतानाच त्याला दमल्यासारखं व्हायचं. बायको राहीबाई म्हणायची, "बंद करा आता, लय झालं." तो म्हणायचा, "करू की." दुसऱ्या दिवशी शटर पुन्हा वर.

अशाच एका कंटाळलेल्या दुपारी चारुलतावहिनी आल्या. बेलापूरला एका वकिलाकडे नोकरी करायच्या. नवरा, जयप्रकाशसाहेब, दोन वर्षांपूर्वी गेले आणि मागे ही बारा वर्षांची गाडी ठेवून गेले.

"मानसिंगभाऊ, हा डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझवा हो एकदाचा. लेकीकडे ऐरोलीला गेले होते, तिथे मागचा ऑक्सिजन सेन्सर बदलला. आठवड्यात हा दिवा लागला. परत नेली, तर तिथला ऋषी नावाचा मुलगा म्हणतो, सेन्सर चांगलाय, कन्व्हर्टर गेलाय. कसला जातोय? चांगली झापली त्याला. चोर म्हटलं, चार लोकांसमोर."

"बरं केलंत, वहिनी. ह्या लॅपटॉपवाल्या पोरांना काय येतंय? दिवा दिसला की बदल पार्ट."

हे बोलताना त्याला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

आता गाडीतली ही भानगड तशी सोपी आहे. धुराच्या वाटेवर एक डबा असतो, तो कन्व्हर्टर. आत बारीक जाळी, तिच्यातून जाताना धुराचं विष कमी होतं. डब्याच्या आधी एक सेन्सर, नंतर एक. पुढच्याने सारखं खालीवर नाचायचं, मागच्याने गप्प बसायचं. मागचाही नाचायला लागला, की समजायचं जाळी काम करत नाही.

मानसिंगने स्कॅनर लावला. मागचा सेन्सर पुढच्याबरोबर तस्साच नाचत होता. पण म्हणून लगेच डब्यावर खापर फोडणाऱ्यांतला तो नव्हे. पाइपाच्या जोडातून हवा आत शिरली तरी सेन्सर फसतो. त्याने सायलेन्सरच्या तोंडाशी जाड फडकं दाबून धरलं आणि कान दिला. कुठेही फुसफुस नाही. मग इंजिन बंद करून पाइप निवेपर्यंत थांबला. वहिनींना चहा दिला आणि गाडी जॅकवर चढवून "आई गं" करत खाली शिरला.

रबरी हातोडी डब्यावर मारली. ठण्ण! तेलाचा रिकामा डबा वाजावा तसा आवाज आला. आत जाळीच नव्हती.

"कुण्या गाढवानं काढली रं?" तो पुटपुटला आणि बॅटरी मारली.

डबा कापून पुन्हा जोडलेला होता. वेल्डिंगची रेघ जिथे संपत होती तिथे तीन टिपके होते, ओळीत.

ते टिपके मानसिंगचेच. त्याचे उस्ताद सुभाषमिस्त्री शिकवून गेले होते: "शेवटी तीन टिपके टाकायचे. उद्या शिवी द्यायची वेळ आली, तर कुणाला द्यायची ते कळायला पायजे." इतकी वर्षं मानसिंग ते इमानाने टाकत आला होता.

सात वर्षांपूर्वी जयप्रकाशसाहेबांनी गाडी आणली तेव्हा डबा तुंबला होता, गाडी घाट चढेना. त्यानेच डबा कापला, सळई घालून जाळी फोडली, डबा परत जोडला आणि दिवा लागू नये म्हणून मागच्या सेन्सरखाली एक लांब नट बसवला, सेन्सर धुरापासून दूर राहील असा. सगळेच करायचे. अजूनही करतात. त्यानंतर शेकडो गाड्या हाताखालून गेल्या, हे काम डोक्यातून गेलं. ऐरोलीच्या पोराने तो नट काढून सेन्सर बसवायला हवा तसा बसवला. दिवा खरं बोलत होता आणि पोरगंही.

वर वहिनी लेकीला फोनवर सांगत होत्या, "अगं अबोली, मानसिंगभाऊंकडे आलेय. आता टेन्शन नाही."

तसला नट ड्रॉवरमध्ये पडलेला होता. पाच मिनिटांचं काम. दिवा विझला असता आणि अठ्ठावीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं. मानसिंग तसाच पडून राहिला. त्याला फार थकवा आला. इतकं लपवायचं, मग ते सांभाळत बसायचं, तेवढी ताकद आता कुठे होती?

तो बाहेर आला, उठून उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं. नटासकट.

वहिनींचा चहा हातातच राहिला. "यांना माहीत होतं?"

हो म्हटलं असतं तर मेलेला माणूस काही उठून सांगायला येणार नव्हता.

"साहेब विचारत हुते, मानसिंग, काही वाईट तर होणार नाही ना? मीच म्हटलं, काय बी होत न्हाय. जाळी काढली ते बी त्यास्नी सांगितलं न्हाय, डबा साफ केला म्हणालो."

"त्या दिवशी घाटभर हे तुमचंच कौतुक करत होते," वहिनी म्हणाल्या. त्यांनी कप ठेवला आणि चावी उचलली.

"वहिनी, नवा डबा मी माझ्या पदरचा बसवून—"

"ते नंतर बघू. आधी गाडीत बसा. ऐरोलीला जायचंय."

"मी कशाला?"

"चोर मी म्हटलं त्याला. पण तुम्हीही मघाशी 'बरं केलंत' म्हणालात की."

मानसिंगने गाडी जॅकवरून उतरवली, हात पुसले, शटर अर्धं खाली ओढलं आणि वहिनींच्या शेजारी बसला. पिवळा दिवा समोर होताच. तळवली मागे पडल्यावर त्याने हळूच विचारलं, "काय सांगू त्या पोराला?"

"मला सांगितलंत तेच," वहिनी म्हणाल्या. "चार लोकांसमोर."