डबलसीटनं सोडलेली माझी साथ

डबलसीट हे नाव त्याला आमच्या विमान कारखान्याच्या बसमुळे पडलं. नाशिकहून ओझरला जाणाऱ्या त्या बसमध्ये तो दोघांच्या बाकावर एकटा बसायचा आणि तरी थोडासा वाटेत उरायचा. बस त्याच्या बाजूला इतकी कलायची, की ड्रायव्हर पलीकडे मुद्दाम तीन जाडे बसवायचा. त्या तिघांत मी कायमचा. धावपट्टीवरची विमानं त्याला येताना पाहून उडायचं रद्द करतात, अशी वदंता होती. ती मीच पसरवली होती, म्हणून काही ती खोटी ठरत नाही.

आमची दोस्ती मधुमेहानं जुळवली. कारखान्यातल्या तपासणीत दोघांचाही एकाच दिवशी निघाला. माझा चेहरा उतरला, तर यानं माझ्या हातातला रिपोर्ट ओढला आणि ओरडला, "माझी साखर तुझ्यापेक्षा जास्त! पार्टी माझ्याकडून!" तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत आम्ही गोळीला गोळी टेकवायचो आणि मगच गिळायचो. रविवारी गंगापूर रोडला मिसळ, तिच्यावर बोटभर तर्री आणि शेवटी जिलबी. मी कचरलो की म्हणायचा, "अरे भो, गोळी कशाला घेतो आपण? जिलबीसाठीच ना!" इतका सुखाचा आजार मी दुसरा पाहिला नाही.

मग त्याला एक डॉक्टरीणबाई भेटल्या. म्हणाल्या, "आजार अजून नवा आहे. वजन चांगलं उतरवलंत, तर साखर गोळ्यांशिवाय ताब्यात राहू शकते. सगळ्यांना जमतं असं नाही." असं डॉक्टर आपल्यालाही सांगतात. आपण मान डोलावतो आणि बाहेर येऊन उसाचा रस पितो. या गाढवानं मात्र ते खरं मानलं.

'पुरे' हा शब्द आमच्या भागात कुणी गंभीरपणे घेत नाही. पुरे म्हणजे अजून दोन वाढा. डबलसीट पुरे म्हणायला लागला आणि वर त्याचा अर्थही पाळायला लागला. एका लग्नात त्यानं ताटावर दोन्ही हात आडवे धरले. वाढणाऱ्यानं परंपरेला जागून हातांवरच शिरा वाढला. हा शांतपणे उठला, हात धुऊन आला आणि काकडी खात बसला. रोज पहाटे पांडवलेणीची टेकडी चढायला जायचा आणि जाताना माझ्या खिडकीखालून हाक मारायचा, "चल रे!" मी आतून घोरण्याचा आवाज काढायचो.

बघता बघता त्याच्यातून एक अख्खा माणूस निघून गेला. आता आपल्याकडे माणूस वाळला की त्याचं काही खरं नाही, असंच धरतात. बातमी वहिनींच्या माहेरी सुरगाण्याला पोचली आणि एका सकाळी जीप भरून सासर दारात उतरलं. सोबत तांदळाचं पोतं, नागलीचं पीठ आणि तयार रडू. "जावाय लय वाळला गं! डाक्टरनं काय सांगितलं, खरं बोल!" सासूबाईंनी वहिनींना मिठी मारली. वहिनी सांगत होत्या, "अगं आये, काय नाय झालं त्यांना!" त्यावर रडणं आणखी वाढलं. मी खुलासा करू शकलो असतो. पण त्या इतक्या मनापासून रडत होत्या, की मध्ये पडणं बरं दिसेना. तेवढ्यात मरणोन्मुख जावई टेकडीवरून घामाघूम परतला, सासूबाईंच्या पाया पडला आणि तांदळाचं पोतं खांद्यावर टाकून तीन जिने चढून गेला. सगळ्यांचं रडू थांबलं. माझंच तेवढं सुरू व्हायचं बाकी होतं.

ते पुढच्या सोमवारी झालं. जेवणाच्या सुट्टीत मी गोळी पुढे केली, तर समोर काहीच आलं नाही. "बाईंनी बंद केली रे," तो ओशाळून म्हणाला. माझी गोळी हवेत एकटीच.

त्यानंतर वर्षं गेली, पण त्याची गोळी काही परतली नाही. लोक 'बरा झालास' म्हणाले की तो म्हणायचा, "बरा नाही, आजार झोपलाय. वजन वाढलं की उठेल." म्हणून दर काही महिन्यांनी रक्त तपासायचा. दर दिवाळीला मी त्याच्या पोटाकडे मोठ्या आशेनं बघायचो. ते सपाटच. माझ्या गोळ्या मात्र एकावरून तीनवर गेल्या.

गेल्या वर्षी निवृत्त होऊन तो सुरगाण्याला सासरच्या शेतावर राहायला निघाला. निरोपाला गेलो, तर माझ्या हातात एक गाठोडं दिलं. "माझ्या जुन्या पँटी. टाकवेनात. तुला येतील." मी भडकलो. "अपमान करायला बोलावलंस होय रे?" तो हसलाच नाही. म्हणाला, "टेकडी मला एकट्याला चढता येत नव्हती का रे? जिलबी खायला तू होतास, सोडायलाही तूच हवा होतास." आणि जीपमध्ये चढला.

घरी येऊन दार लावलं आणि एक पँट चढवली. मेली बेतून शिवल्यासारखी बसली. दुसऱ्या दिवशी ती घेऊन शिंप्याकडे गेलो. त्यानं मला वळवून वळवून पाहिलं. "काका, बरोबर तर बसतेय. काय करायचं हिचं?"

"कमरेत चार बोटं आत घे."

"मग घालणार कशी?"

"ते माझं मी बघतो," मी म्हणालो. "तू शिवण पक्की घाल. मी उसवायला घेऊन आलो, तरी उसवून देऊ नकोस."