योहानचा क्रूस कुठं रोवायचा?

निपाणीच्या एस्तेरआक्कानं विड्या वळून एकुलत्या एका योहानला वाढवलं. गेल्या पावसाळ्यात हमरस्त्यावर ट्रकनं त्याला उडवलं. तेव्हापासून आक्काच्या घरी एका माणसाचा स्वयंपाक होई आणि तोही उरे. तरी रविवारची प्रार्थना तिनं चुकवली नाही.

"देवावर रागावली न्हाईस व्हय गं?" बायका विचारत.

"रागावलोय की. म्हणून तर जातोय. समोर बसून रागावल्यालं बरं."

ईस्टरच्या पहाटे इथले ख्रिस्ती लोक कबरस्थानात जमतात. कबरींवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात आणि सूर्य वर येताना गाणी म्हणतात. आपल्या माणसाच्या उशाशी उभं राहून त्याला सांगायचं, की येशू उठला, तूही उठशील. योहान गेल्यानंतरचा हा पहिलाच ईस्टर. इतके महिने आक्का त्या एका पहाटेवर जगली होती.

त्यासाठी तिनं योहानचा लाकडी क्रूस रंगवायला काढला. पण एकट्याचाच रंगवला तर शेजारचे काय म्हणतील? शेजारचे मेलेले होते, पण शेजार तो शेजार. म्हणून पलीकडच्या जयाबाईचाही क्रूस धरला. तीही योहानच्याच आठवड्यात गेलेली. हयातीत नळावर तिचं आणि आक्काचं कधी पटलं नव्हतं.

पाट्या रंगवणारा नागोजी दोन्ही क्रूस उपटताना म्हणाला, "आक्का, खूण करून ठेवू काय?"

"खूण? आईला लेकाची जागा कळंना व्हय रं?"

शनिवारी संध्याकाळी रंग वाळला. नावं ठसठशीत उठली होती. नागोजीनं क्रूस खांद्यावरून आणले आणि विचारलं, "कुठला कुठं?"

आक्का बघत राहिली. मातीचे दोन ढिगारे, सारखेच लांब, सारखेच खचलेले. मातीच्या दिवशी दोन बायकांनी तिला धरलं होतं आणि तिला काहीच दिसलं नव्हतं. त्यानंतर ती येई ती क्रुसावरचं नाव बघून. आज नाव नागोजीच्या खांद्यावर होतं.

ती डावीकडच्या ढिगाऱ्याजवळ बसली. मग उजवीकडच्या. मातीवर हात ठेवून पाहिला. माती नुसती गरम होती.

उद्याची तयारी बघायला आलेले पाळकसाहेब सगळं ऐकून डोळे मिटून उभे राहिले. बायबलातलं वचन आठवत असावेत. शेवटी म्हणाले, "मला वाटतं, डावीकडं."

"वाटतंय म्हंजे? माती तुमीच दिलीसा न्हवं?"

"पाऊस लई होता, आक्का. छत्री सांभाळत होतो."

आक्का पदरानं तोंड पुसून उठली.

"साहेब, उठवणारा नाव वाचून उठवतोय काय?"

"न्हाई. तो माणूस ओळखतो."

"मग झालं तर. नागोजी, हा इकडं रोव, त्यो तिकडं. फुलं दोन्हीकडं सारखी घालतो. चुकलं तर चुकलं. उठायच्या दिवशी पोरगं जयाबाईच्या क्रुसाखालनं निघंल, बाईला नमस्कार करंल आणि माझ्याकडं येईल."

"आणि जयाबाई?" नागोजीनं विचारलं.

"ती भांडंल," आक्का म्हणाली. "पण उठंल की."

नागोजीनं पहार उचलली.