माझ्या मापाची बावीस इंची

माझी उंची पाच फूट सात इंच, हे मी एकतीस वर्षं प्रत्येक फॉर्मवर छातीठोकपणे लिहीत आलो. त्यामुळे जुनी सायकल घ्यायची म्हणून पुण्याच्या एका शौकिनाला फोन केला आणि त्यानं उंची विचारली, तेव्हाही तेच ठोकून दिलं. त्यानं इंग्लंडच्या सायकल क्लबवाल्यांची, माझ्याहून म्हातारी अशी बावीस इंची फ्रेम पाठवली. "साहेब, फ्रेमचं माप चुकलं की सगळं चुकलं," असं बजावलंही होतं.

आठ महिने जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मी गंज खरवडत बसलो. बायको कपडे वाळत घालायला जागा मागायची, मी तिच्यावर खेकसायचो. गडद हिरवा रंग, कातडी सीट, सरळ हँडल, सगळं जिथल्या तिथं केलं. सोसायटीभर सांगून टाकलं, रविवारी होटगीला जाऊन येतो म्हणून. रिटायर झाल्यापासून मला कुत्रं विचारत नव्हतं हो! एकदा तरी लोकांनी माझ्याकडं बघावं, एवढीच हौस होती.

रविवारी सकाळी फाटकापाशी ही गर्दी. कुणी नारळ फोडला, कुणी चाकाखाली लिंबू ठेवलं. मी झोकात टांग टाकली आणि अधांतरीच राहिलो. टाचा जमिनीला टेकेनात. चवड्यांवर उभा राहून मी हसत होतो, आणि मधली दांडी कुठं रुतत होती ते सांगवत नाही.

"सीट खाली घे की!" चाकं बसवून देणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीवर मी ओरडलो.

"सीट न्हाय साहेब, दांडीच उंच हाय. उंची किती तुमची?"

"पाच सात!"

त्यानं खिशातली टेप काढली, मला फाटकाच्या खांबाला उभं केलं आणि सगळ्यांदेखत वाचलं, "पाच फूट चार."

अरे देवा! मग आठवलं. तो आकडा लग्न जमवताना वडिलांनी माझ्या माहितीच्या कागदावर लिहिला होता. फसवायचं होतं मुलीकडच्यांना, फसलो मी. लोक पोट धरून हसत होते. "वहिनींची पण मोजा की," कुणीतरी म्हणालं. बायको नको नको म्हणत होती. मिस्त्रीनं तिला ताठ उभं राहायला लावलं. तिच्या कागदावर पाच फूट चार होतं, मला पक्कं पाठ. टेप पाच सातवर थांबली. माझ्या वडिलांनी माझी उंची जेवढी चढवली, तेवढीच सासऱ्यांनी तिची उतरवली होती. आकडे दोन्ही खरे, माणसं तेवढी बदलली होती.

"मग बाई, तुमीच बसा की," मिस्त्री म्हणाला.

माझे आठ महिने, माझी सायकल! पण तिनं ओढणी कमरेला बांधली, टांग टाकली, आणि दोन्ही टाचा बरोब्बर जमिनीवर. लिंबू चिरडून ती निघाली. टाळ्या तिला मिळाल्या, मी रागानं लाल. पण ती पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत येताना मी बघतच राहिलो. इतकी ताठ पाठ मी तिची कधी पाहिली नव्हती.

मी ब्रेकपाशी हँडल धरलं. ती उतरली, आणि माझ्याजवळ आल्याबरोबर खांदे आपोआप खाली गेले.

"अगं, वाकतेस कशाला?"

"आईनं लग्नातच सांगितलं होतं, नवऱ्याच्या वर डोकं दिसू देऊ नको म्हणून," ती हळूच म्हणाली. "एकतीस वर्षं झाली. मान लई दुखते हो."